वेगानं मागे टाकलेले रस्ते

बार्सिलोनाच्या नैर्ऋत्येला, समुद्रकाठच्या सिट्जेस गावाजवळ काँक्रीटचं एक अंडाकृती रिंगण आहे. त्याचा घेर दोन किलोमीटरचा. दोन्ही टोकांची वळणं इतकी तिरकी आहेत की वरच्या कडेजवळ रस्त्याची भिंतच होते आणि माणसाला तिथं सरळ उभं राहता येत नाही. २८ ऑक्टोबर १९२३ रोजी या रिंगणाचं उद्घाटन झालं ते थेट स्पॅनिश ग्रां प्रीनं. सनबीम गाडीतला फ्रेंच चालक आल्बेर दिव्हो पहिला आला. अमेरिकी बनावटीच्या मिलर गाडीतला काउंट लुई झ्बोरोव्स्की मिनिटभराहूनही कमी फरकानं दुसरा आला. शर्यत अटीतटीची झाली, पण बक्षिसाची रक्कम कुणालाच मिळाली नाही. बांधकामाची बिलं थकली होती आणि तिकिटांचे पैसे बांधकाम करणाऱ्यांनी जप्त करून घेतले. चालकांचे पैसे बुडवणाऱ्या ट्रॅकवर पुन्हा मोठी आंतरराष्ट्रीय शर्यत भरली नाही. पुढे अधूनमधून किरकोळ शर्यती झाल्या, मग त्याही थांबल्या आणि त्या आवारात कोंबड्या पाळल्या जाऊ लागल्या.

ते काँक्रीट मात्र आजही जवळजवळ अखंड आहे. २०१२ साली रॅली विजेता कार्लोस साइन्झ यानं ऑडीची आधुनिक शर्यतीची गाडी त्यावर नेली आणि एक फेरी ४२.६ सेकंदांत पुरी केली. दिव्होच्या काळची सर्वांत जलद फेरी ४५.८ सेकंदांची होती. मधल्या नव्वद वर्षांत गाड्यांची ताकद कितीतरी पटींनी वाढली, पण वेळ वाचला जेमतेम तीन सेकंदांचा. गाडी आणखी पळू शकली असती, रस्ता तिला पळू देत नव्हता.

युरोपात मोटारशर्यतींची अशी ओस पडलेली ठिकाणं बरीच आहेत. काही जंगलात बुडाली, काहींवर विमानांचे कारखाने आले, काहींवरून आज दूधवाले आणि शाळेच्या बस जातात. प्रत्येकाच्या अखेरीचं कारण निराळं: युद्ध, कर्ज, अपघात, कायदा. तरी या सगळ्यांच्या मुळाशी एक गोष्ट सारखी दिसते. हे रस्ते ज्या वेगासाठी बांधले गेले, तो वेग गाड्यांनी पाहता पाहता ओलांडला.

या कथेची सुरुवात इंग्लंडमधल्या एका वेगमर्यादेपासून होते. १९०३ च्या मोटार कायद्यानं तिथल्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची मर्यादा घातली. फ्रान्स आणि इटलीत सार्वजनिक रस्ते बंद करून शर्यती होत. त्यातून तिथले कारखानदार गाडीचा कस पाहत, चुका दुरुस्त करत आणि पुढे जात. इंग्लिश कारखानदारांना गाडी पूर्ण वेगात पळवायला जागाच नव्हती. सरे परगण्यातला जमीनदार ह्यू लॉक किंग यानं इटलीत शर्यत पाहिली आणि तीत आपल्या देशाच्या गाड्या नाहीत, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. त्यानं वेब्रिजजवळच्या आपल्याच जमिनीवर ट्रॅक बांधायला घेतला. ब्रुकलंड्स नावाच्या या ट्रॅकचा घेर साडेचार किलोमीटरच्या आसपास, रुंदी ३० मीटर आणि वळणांची उंची जवळजवळ ९ मीटर होती. जून १९०७ मध्ये तो खुला झाला. मुद्दाम मोटारशर्यतींसाठी बांधलेला, कललेल्या वळणांचा जगातला हा पहिला ट्रॅक. त्यावर सुमारे दीड लाख पौंड खर्च झाले. त्या काळी ही रक्कम एखाद्या घराण्याला बुडवू शकेल एवढी होती आणि लॉक किंगही तिच्या ओझ्याखाली आला. तेव्हा त्याची पत्नी एथेल हिनं पुढे होऊन व्यवहार सावरला. उद्घाटनाच्या दिवशी गाड्यांच्या मिरवणुकीत सर्वांत पुढची गाडीही तीच चालवत होती.

वळण कललेलं का ठेवायचं? सपाट वळणावर गाडीला सरळच जायचं असतं. तिला आत वळवण्याचं सगळं काम टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाला करावं लागतं आणि त्या घर्षणाला मर्यादा असते. रस्ता आतल्या बाजूला कलता केला की तोच गाडीला आत रेटतो. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये मोटारसायकलवाला भिंतीवरून फिरतो त्यामागचं तत्त्व हेच. कल आणि वेग यांचं गणित जुळलं तर स्टिअरिंग फारसं न वळवताही गाडी वळण घेते. पण याची किंमत असते. वळणावर गाडी नुसती आत रेटली जात नाही, खालीही दाबली जाते. स्प्रिंगा दबतात, टायर तापतात. त्यात काँक्रीट उंचसखल असेल तर प्रत्येक धक्का दुपटीनं बसतो. कललेल्या वळणांच्या ट्रॅकना या दोषानं शेवटपर्यंत सोडलं नाही.

ट्रॅक उघडून दोन आठवडे होतात न होतात तोच एस. एफ. एज हा चालक नेपियर गाडीत एकटा बसून चोवीस तास फिरत राहिला. रात्री कडेला कंदील लावले होते. त्यानं २,५०० किलोमीटरहून जास्त अंतर कापलं, सरासरी वेग ताशी १०६ किलोमीटर. आसपासच्या रहिवाशांची झोप उडाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि रात्रीच्या शर्यतींवर बंदी आली. म्हणून पुढे ब्रुकलंड्सवर चोवीस तासांची शर्यत दोन दिवसांत विभागून होऊ लागली: पहिल्या दिवशी बारा तास पळायचं, रात्री गाड्या कुलपात ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी उरलेले बारा तास. मोटारशर्यत कशी भरवायची याचा नमुना समोर नसल्यानं आयोजकांनी घोड्यांच्या शर्यतीचीच रीत उचलली. सुरुवातीला चालक जॉकींसारखे रंगीत रेशमी सदरे घालत. गाड्या जिथं तयार होत त्या आवाराला तेव्हापासून ‘पॅडॉक’ म्हणतात, आजच्या फॉर्म्युला वनमध्येसुद्धा.

१९१३ साली पर्सी लँबर्टनं इथं एका तासात शंभर मैल कापले. हे जगात पहिल्यांदाच घडलं. त्याच वर्षी, याच ट्रॅकवर विक्रमाच्या प्रयत्नात तो मारला गेला. १९३५ मध्ये जॉन कॉबनं २४ लिटर इंजिनाची नेपियर-रेल्टन ताशी सुमारे २३१ किलोमीटर वेगानं फिरवली. घाईनं ओतलेलं काँक्रीट तोवर ठिकठिकाणी खचलं होतं. त्या गाडीची चारही चाकं जमीन सोडून हवेत असलेलं छायाचित्र प्रसिद्ध आहे. काउंट झ्बोरोव्स्कीही इथलाच. त्यानं विमानांची इंजिनं बसवून केलेल्या ‘चिटी बँग बँग’ नावाच्या अवाढव्य गाड्या ब्रुकलंड्सवर धावल्या आणि इयन फ्लेमिंगला मुलांसाठीची आपली गोष्ट त्यांच्यावरूनच सुचली.

ब्रुकलंड्स संपवलं ते दुसऱ्या महायुद्धानं. रिंगणाच्या आत धावपट्टी होती, कडेला व्हिकर्स आणि हॉकर यांचे विमान कारखाने होते. हरिकेन हे लढाऊ विमान १९३५ मध्ये इथूनच प्रथम उडालं. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच शर्यती थांबल्या आणि वाढत्या कारखान्यांनी ट्रॅक हळूहळू पोटात घेतला. जर्मन बाँबही पडले. युद्ध संपल्यावर व्हिकर्सनं सगळी जागा विकत घेतली. नव्या बाँबफेकी विमानांना धावायला जागा हवी म्हणून १९५१ मध्ये एका वळणाचा तुकडाच काढून टाकला. पुढे काँकॉर्डचे मोठे भागही इथं बनले. मोटारशर्यतींच्या चाहत्यांना हे दुःख आजही वाटतं, आणि ते रास्तही आहे. पण ज्या कारणानं हा ट्रॅक मोडला ते कारण फालतू नव्हतं, हेही मान्य करायला हवं.

बर्लिनच्या आवुसची गोष्ट जास्त भीषण आहे. ग्रूनेवाल्डच्या जंगलातून शेजारीशेजारी जाणारे जवळजवळ दहा किलोमीटरचे दोन सरळ रस्ते आणि त्यांना जोडणारी दोन टोकांची वळणं, एवढाच हा ट्रॅक. पहिल्या महायुद्धाआधी काम सुरू झालं, युद्धात रखडलं आणि १९२१ मध्ये तो खुला झाला. १९२६ ची पहिली जर्मन ग्रां प्री इथं पावसात झाली. रुडॉल्फ कॅराचोला जिंकला आणि एका गाडीच्या अपघातात शर्यतीवर काम करणारे तिघे मेले. १९२८ मध्ये फ्रिट्झ फॉन ओपेलनं याच रस्त्यावर अग्निबाणांच्या जोरावर चालणारी गाडी ताशी २३८ किलोमीटरपर्यंत नेली. मग नाझी राजवटीत उत्तर टोकाला विटांचं नवं वळण उभारलं गेलं. त्याचा कल ४३ अंशांचा आणि वरच्या काठाला कठडा नाही. गाडी निसटली तर थांबवायला काहीच नव्हतं. १९३७ च्या शर्यतीत बेर्न्ट रोझमायरनं एक फेरी ताशी २७६ किलोमीटरनं मारली आणि हेर्मान लांग ताशी २६१ च्या सरासरीनं जिंकला. ब्रुकलंड्सवरचा कॉबचा विक्रम अवघा दोन वर्षांपूर्वीचा होता, एवढं लक्षात घेतलं की ही उडी केवढी होती ते कळतं.

१९५९ मध्ये जर्मन ग्रां प्री पुन्हा आवुसवर आली. टायर टिकणार नाहीत या भीतीनं ती दोन तुकड्यांत घेतली गेली. टोनी ब्रुक्स जिंकला. आदल्या दिवशी दुसऱ्या एका शर्यतीत फ्रेंच चालक झाँ बेरा याची पोर्शे त्या विटांच्या वळणावर ओल्यात घसरून वरच्या काठावरून बाहेर फेकली गेली आणि तो ठार झाला. फॉर्म्युला वन तिथं परत गेली नाही. १९६७ मध्ये वाहतुकीसाठी ते वळण पाडलं. सपाट रस्त्यावरच्या शर्यती मात्र १९९८ पर्यंत चालल्या. आज आवुस म्हणजे बर्लिनकरांचा ए ११५ हा रोजचा महामार्ग. कडेला जुनं प्रेक्षागार दिसतं आणि शर्यतीच्या पंचांचा गोल मनोरा वाटसरूंच्या मुक्कामाचं ठिकाण झाला आहे.

मोन्झाचं प्रकरण वेगळं, कारण मोन्झा बंद पडलेलं नाही. मिलानजवळच्या राजेशाही बागेत १९२२ मध्ये ११० दिवसांत उभा राहिलेला हा ट्रॅक आजही इटालियन ग्रां प्री भरवतो. पण त्याच आवारात झाडांमध्ये एक सोडून दिलेलं रिंगण उभं आहे. १९५५ मध्ये नव्यानं बांधलेली ही काँक्रीटची वळणं वर जाता जाता अधिकाधिक तिरकी होत जातात. नेहमीचा रस्ता आणि हे रिंगण मिळून दहा किलोमीटरची फेरी होई. पहिल्याच वर्षापासून टायर फुटायला लागले. १९६० मध्ये ब्रिटिश संघांनी हे काँक्रीट आपल्या हलक्या गाड्यांना झेपणार नाही म्हणून शर्यतीवर बहिष्कार टाकला. १९६१ च्या शर्यतीत वोल्फगांग फॉन ट्रिप्सची फेरारी प्रेक्षकांच्या कुंपणावर आदळली. तो आणि डझनावर प्रेक्षक मेले. हा अपघात कललेल्या वळणावर झाला नव्हता, तरी फॉर्म्युला वनपुरतं ते रिंगण त्या दिवशी संपलं. दुसऱ्या प्रकारच्या गाड्या १९६९ पर्यंत त्यावर धावल्या. १९९० च्या दशकात ते पाडायचं घाटत होतं. चाहत्यांनी आवाज उठवला म्हणून ते वाचलं.

युरोपातल्या अनेक नामवंत ट्रॅकना स्वतःची अशी जागा कधी नव्हतीच. गावचे रस्ते दोन-तीन दिवस बंद करायचे, कडेला गवताच्या गंज्या लावायच्या आणि शर्यत घ्यायची. फ्रान्समधल्या रँसजवळचं ग्यो हे त्यातलं सर्वांत देखणं उदाहरण. शॅम्पेनच्या मुलखातल्या सपाट शेतांमधून जाणारे तीन रस्ते जोडून १९२६ मध्ये हा त्रिकोण तयार झाला. लांब सरळ रस्ते आणि मोजकी वळणं असल्यामुळे पुढच्या गाडीच्या मागे चिकटून राहायचं, हवेचा अडथळा तिला झेलू द्यायचा आणि ऐन वेळी बाहेर पडून पुढे जायचं, हे कसब इथं पणाला लागे. १९५३ मध्ये माइक हॉथॉर्न आणि हुआन मॅन्युएल फांजिओ फेऱ्यामागून फेऱ्या शेजारीशेजारी पळाले आणि हॉथॉर्न एका सेकंदानं जिंकला. पुढच्या वर्षी ४ जुलैला मर्सिडीज युद्धानंतर पहिल्यांदा ग्रां प्रीत उतरली आणि पहिले दोन क्रमांक घेऊन गेली. १९६१ मध्ये जानकार्लो बगेट्टी आपल्या पहिल्याच विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत इथं जिंकला. १९६६ मध्ये जॅक ब्रॅबम इथंच स्वतःच्या नावाच्या गाडीतून ग्रां प्री जिंकणारा पहिला चालक ठरला. रँसवरची ती शेवटची ग्रां प्री. १९७२ पर्यंत सगळंच थांबलं.

या रस्त्यांचं मरण खरं तर दुसरीकडे लिहिलं गेलं होतं. जून १९५५ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पिएर लव्हेगची मर्सिडीज गर्दीत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसं मेली. स्वित्झर्लंडनं ट्रॅकवरच्या मोटारशर्यतींवर बंदीच घातली. बर्नच्या जंगलातला ब्रेमगार्टनचा सात किलोमीटरचा रस्ता, जिथं १९३४ पासून स्विस ग्रां प्री होत होती, एका निर्णयानं इतिहासजमा झाला. आज तिथं ओळख पटावी असं फारसं काही उरलेलं नाही.

बेल्जियममध्ये बदल चालकांनी घडवला. स्पाचा जुना रस्ता चौदा किलोमीटरचा, शेतं, घरं आणि टेलिफोनचे खांब यांच्यामधून जाणारा. १९६६ मध्ये पहिल्याच फेरीत पाऊस आला आणि जॅकी स्टुअर्टची गाडी रस्ता सोडून गेली. फाटलेल्या टाकीतून गळणाऱ्या पेट्रोलात भिजत तो अडकून पडला. सुटका करायला कुणी कर्मचारी नव्हते. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँडुरंट हे दोन सहचालक धावले आणि एका प्रेक्षकाकडून पाना मागून त्यांनी स्टिअरिंग काढलं. दवाखान्याकडे निघालेल्या रुग्णवाहिकेचा चालक रस्ता चुकला. या दिवसानंतर स्टुअर्टनं सुरक्षिततेचा प्रश्न लावून धरला आणि भित्रा म्हणून हिणवलं गेलं तरी सोडला नाही. १९६९ मध्ये चालकांच्या विरोधामुळे तिथली ग्रां प्री रद्द झाली, १९७० नंतर ती स्पा सोडून गेली आणि १९७९ मध्ये सात किलोमीटरचा नवा स्पा तयार झाला. आज टीव्हीवर दिसतो तो हा. जुन्या रस्त्याचा उरलेला भाग मात्र जिथल्या तिथं आहे. मास्ता या वस्तीतल्या दोन घरांमधून जाणारं ते वळण, जे चालक ताशी अडीचशेच्या पुढे घेत, आजही रोजच्या वाहतुकीत आहे.

सुरक्षित ट्रॅकही मरतात, हेही बेल्जियमनंच दाखवलं. स्पाच्या जागी निव्हेलचा ट्रॅक आला: मोकळा, सपाट, कडेला ऐसपैस जागा. १९७२ आणि १९७४ अशा दोन ग्रां प्री तिथं झाल्या, दोन्ही एमर्सन फिट्टिपाल्डीनं जिंकल्या. पण प्रेक्षक गाड्यांपासून इतके लांब बसत की शर्यतीत जीव वाटेना. ट्रॅक चालेना झाला आणि आता तिथं औद्योगिक वसाहत आहे. फ्रान्समधल्या रूआँजवळचा जंगलउतारावरचा रस्ता, जिथं १९६८ मध्ये झो श्लेसेर होंडाच्या नव्या गाडीत जळून मेला, १९९० च्या दशकात बंद झाला आणि तिथलं प्रेक्षागार व पिट, म्हणजे शर्यतीत गाड्या थांबवून दुरुस्त करायच्या जागा, पाडून टाकले गेले. फिनलंडमधल्या केइमोलाच्या जागी घरं उभी राहिली. मनोरा तेवढा जपला.

काय टिकतं आणि काय जातं, हे ट्रॅकच्या मोठेपणावर ठरत नाही. रँसचे पिट आणि प्रेक्षागार टिकले, कारण ग्यो परिसरातल्या हौशी माणसांनी संस्था काढली, झुडपं तोडली, भिंतींना ठिगळं लावली आणि जुन्या जाहिराती पुन्हा रंगवल्या. ब्रुकलंड्सच्या उरलेल्या भागाला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला आणि १९९१ मध्ये संग्रहालय उघडलं. २०१७ मध्ये तर ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर युद्धकाळात उभारलेलं विमानांचं शेड उचलून बाजूला नेलं आणि तो पट्टा पुन्हा मोकळा केला. हे काम सरकारी खात्यांच्या भरवशावर झालं नसतं. आणि ते करण्याजोगं होतं, यात शंका नाही. आजचा चालक ताशी तीनशेच्या वेगात भिंतीवर आदळून स्वतःच्या पायानं चालत बाहेर येतो. त्यामागे लँबर्ट, बेरा, श्लेसेर आणि नाव न राहिलेले कितीतरी प्रेक्षक आहेत. ते कुठं आणि कशामुळे मेले, हे सांगणारी जागा समोर असली की सुरक्षिततेचे नियम नुसती कटकट वाटत नाहीत.

युरोपच्या प्रवासात यातलं एखादं ठिकाण सहज जमण्यासारखं आहे. लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून वेब्रिजची लोकल मिळते आणि तिथून ब्रुकलंड्स पायी गाठता येतं. रँसला कॅथेड्रल पाहायला जाणाऱ्यांनी गावाबाहेर पश्चिमेला डी २७ रस्त्यानं काही किलोमीटर जावं. तिकीट नाही, फाटक नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिट आणि प्रेक्षागार उभं आहे. थांबताना गाडी नीट बाजूला घ्यावी आणि रंगवलेल्या भिंतींवर चढू नये. त्यांची देखभाल स्वयंसेवक करतात, आणि तो रस्ता अजूनही वाहता आहे.